माणसे प्रतिगामी चळवळीत का राहतात?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिगामी राजकारणाचा विषय निघाला की आपल्या वर्तुळात दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे, की लोकांची दिशाभूल झाली आहे. खरी माहिती त्यांच्यापर्यंत पोचली की ते परत येतील. दुसरे असे, की ज्यांचे हितसंबंध धोक्यात आले ते वर्ग अशा चळवळींना पैसा पुरवतात आणि बाकीचे त्यांच्यामागे फरफटत जातात. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु एक प्रश्न दोन्हींतून सुटत नाही. ज्याच्या पदरात या चळवळीने जमीन, मजुरी, नोकरी यांपैकी काहीही टाकलेले नाही, असा सामान्य माणूस वर्षानुवर्षे तिच्यात का टिकतो? दिवसभर राबून आल्यावर तो तिच्या सभेला का जातो? स्वतःच्या खिशातून वर्गणी का देतो? त्याला आपण मूर्ख म्हणून मोकळे होतो, आणि मग निवडणुकीचे निकाल लागले की पुन्हा आश्चर्य करीत बसतो.

आज मी या प्रश्नाकडे वर्तनवादी मानसशास्त्राच्या अंगाने पाहणार आहे. माणसाच्या अंतरंगात काय दडले आहे याचा तर्क करण्याआधी तो प्रत्यक्षात काय करतो आणि ते केल्यानंतर त्याला काय मिळते हे पाहावे, एवढीच या शास्त्राची मूळ शिकवण आहे. ज्या कृतीपाठोपाठ समाधान येते ती कृती दृढ होते. याला प्रबलन म्हणतात. समाधान येणे बंद झाले की कृती हळूहळू मावळते. याला विलोपन म्हणतात. पाव्हलॉव्हने कुत्र्यांवर आणि पुढे स्किनरने उंदीर-कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून ही तत्त्वे पुढे आली. ती राजकारणाला कितपत लागू पडतात हे तपासायचे तर ज्या प्रकरणाची कागदपत्रे आज जवळजवळ पूर्ण उपलब्ध आहेत असे प्रकरण घ्यावे. म्हणून मी १९२८ ते १९३३ या काळातील जर्मनी घेतो. या काळातला बराचसा भाग आपले राममनोहर लोहिया बर्लिनमध्ये विद्यार्थी म्हणून राहत होते. युरोपातील सर्वांत बलाढ्य कामगार चळवळ कशी कोसळते हे त्यांच्या पिढीला पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

प्रथम आकडे पाहू. १९२८च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मते होती. सप्टेंबर १९३० मध्ये ती १८.३ टक्क्यांवर गेली आणि जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांच्या वर. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नोंदलेल्या बेकारांची संख्या साठ लाखांवर पोचली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून आपण निष्कर्ष काढतो, की बेकार माणूस नाझी झाला. वास्तव तसे नाही. मतदानाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांना आढळले, की बेकार कामगार अधिक करून कम्युनिस्टांकडे वळला. नाझींचे भरघोस पीक आले ते प्रोटेस्टंट खेड्यांत आणि लहान शहरांत, शेतकरी, दुकानदार आणि स्वतंत्र कारागीर यांच्यात. विल्यम शेरिडन ॲलन या इतिहासकाराने १९६५ साली नोर्टहाइम या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाचा इतिहास लिहिला. तेथील मध्यमवर्गीयाचे दुकान बुडाले नव्हते. ते बुडेल ही भीती मात्र त्याला रात्रंदिवस होती. भूक आणि भुकेची भीती यांत मानसशास्त्रदृष्ट्या मोठे अंतर आहे.

खरोखर भुकेलेल्या माणसाचे काय होते हे शेजारच्या ऑस्ट्रियात तीन तरुण समाजवादी संशोधकांनी पाहून ठेवले आहे. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी व्हिएन्नाजवळच्या मारिएन्टाल या गिरणीच्या गावाची पाहणी केली आणि १९३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. कापडगिरणी बंद पडली होती आणि गावातील बहुतेक सर्व घरे बेकार झाली होती. संशोधकांची अपेक्षा होती, की आता सक्तीची का होईना, सवड मिळाली आहे, तर लोक अधिक वाचतील, अधिक संघटित होतील. घडले उलटे. कामगार वाचनालयाने शुल्क माफ करूनही १९२९ ते १९३१ या काळात पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली. खिडकीत घड्याळ घेऊन बसलेल्या संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली. पुरुषांचे पाय मंदावले होते, ते वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होते. ज्या गावात पूर्वी सभा-संमेलने गाजत होती तेथे उदासीनता पसरली. आपल्या हातून काही केल्याने काही घडते, हा अनुभवच नाहीसा झाला होता.

आता या दोन चित्रांच्या मध्ये नाझी चळवळ काय घेऊन उभी राहिली ते पाहा. तिच्या वादळी दलात १९३२च्या उन्हाळ्यात चार लाखांच्या आसपास माणसे होती. या दलाची वसतिगृहे होती. तेथे झोपायला जागा मिळे, गरम सूप मिळे, बूट मिळत, आणि कोणीतरी नावाने हाक मारणारे असे. काम नसलेल्या तरुणाला सकाळी उठून कोठे तरी वेळेवर हजर व्हावे लागे. परवापर्यंत ज्याला पाहून लोक मान फिरवीत, तो गणवेश घालून निघाला की रस्ता मोकळा होत असे. वर्तनवादी भाषेत बोलायचे तर एकेका लहान कृतीपाठोपाठ तात्काळ फळ होते. हजेरी लावली की जेवण, घोषणा दिली की साथ, मारामारी केली की मान. समाजवादाचे आश्वासन फार मोठे होते, पण ते दूरच्या भविष्यकाळातले होते. लहान आणि तात्काळ मिळणारे फळ मोठ्या आणि दूरच्या फळावर मात करते, ही गोष्ट प्रयोगशाळेत शेकडो वेळा सिद्ध झालेली आहे.

थिओडोर एबल या अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये एक विलक्षण युक्ती केली. जुन्या नाझी सदस्यांनी आपली जीवनकहाणी लिहून पाठवावी म्हणून त्याने बक्षिसे लावली आणि सुमारे सहाशे निबंध गोळा केले. लिहिणारे विजयाच्या उन्मादात होते, तेव्हा ते सगळेच जसेच्या तसे खरे मानता येणार नाही. तरीही एक गोष्ट वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. कार्यक्रमाची कलमे, अर्थविषयक सिद्धान्त यांविषयी त्यांत फारसे नाही. आहे ते सोबतीविषयी, मोर्च्याविषयी, कोणीतरी आपले म्हटल्याविषयी. पुष्कळ निबंधांत तर ज्यूंच्या द्वेषाचाही उल्लेख नाही. याचा अर्थ तो द्वेष गौण होता असा कोणी घेऊ नये. अर्थ याहून भयंकर आहे. माणूस सोबतीसाठी आत आला, सोबत टिकावी म्हणून इतरांबरोबर ओरडला, ओरडला म्हणून हळूहळू तसे मानू लागला, आणि १ एप्रिल १९३३ रोजी ज्यूंच्या दुकानांपुढे पहारा उभा राहिला तेव्हा त्या पहाऱ्यात सामील होणे त्याला अवघड गेले नाही. कृती आधी येते आणि श्रद्धा मागाहून तिचे समर्थन करायला येते, हा क्रम आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

भयाचेही असेच आहे. आनंद मिळाल्याने जशी कृती दृढ होते, तशी त्रास टळल्यानेही होते. जून १९३२ मध्ये पापेन सरकारने वादळी दलावरील बंदी उठवली आणि त्यानंतरच्या आठवड्यांत रस्त्यांवर रक्त सांडले. भय निर्माण करणारे हेच आणि भयापासून सुटकेचे आश्वासन देणारेही हेच. ज्या दुकानदाराला मारामारीचा वीट आला होता, तो मारामारी करणाऱ्यांच्याच झेंड्याखाली शांतता शोधू लागला. त्याला यातली विसंगती दिसत नव्हती, कारण त्याच्या अनुभवात सुटका आणि तो झेंडा ही दोन एकत्र बांधली गेली होती.

आणखी एक बाब ॲलनच्या ग्रंथातून घेण्याजोगी आहे. नोर्टहाइममधील नाझी शाखेला आपला खर्च बराचसा आपणच भागवावा लागे. सभेला तिकीट असे. ज्या वक्त्याला, ज्या विषयाला गर्दी लोटे त्याला पुन्हा बोलावले जाई. ज्याने तिजोरी रिकामी ठेवली तो विषय गळून पडे. म्हणजे पक्ष लोकांना शिकवीत होता तसा लोकांकडून शिकतही होता. जे खपते ते विकावे या न्यायाने तो आपला आकार बदलत गेला. त्याला सत्याची चाड नव्हती, म्हणून तो बदलू शकला, हे खरे. पण मतदारांच्या प्रतिसादाकडे त्याचे जितके लक्ष होते तितके त्याच्या विरोधकांचे नव्हते, हेही खरे.

हे सर्व त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही काय? एकाच्या निश्चित आले होते, आणि त्याची कथा आपल्यासारख्यांनी विशेष लक्षपूर्वक ऐकण्याजोगी आहे. सर्गेई चाखोतिन हा रशियन जीवशास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत काम केलेला होता. १९३० नंतर तो हायडेलबर्गच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत होता आणि विचाराने समाजवादी होता. नाझींच्या स्वस्तिकाकडे त्याने पाव्हलॉव्हच्या घंटेसारखे पाहिले. घंटा वाजली की अन्न नसतानाही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. तसे भिंतीवरचे चिन्ह दिसले की धमकी प्रत्यक्ष नसतानाही मन दबते. उपाय म्हणून त्याने प्रतिचिन्ह सुचवले. भिंतीवरच्या स्वस्तिकावर तीन बाण तिरपे ओढायचे. ते कोणालाही खडूने काढता येतात आणि काढल्यावर खालचे चिन्ह खोडलेले दिसते. १६ डिसेंबर १९३१ रोजी सोशल डेमोक्रॅट पक्ष, कामगार संघ आणि कामगारांच्या क्रीडासंघटना यांनी मिळून ‘लोहआघाडी’ उभारली होती. हेसमधील तरुण खासदार कार्लो मीरेनडॉर्फ याच्या मदतीने चाखोतिनने ते तीन बाण, उंचावलेली मूठ आणि ‘स्वातंत्र्य’ हा परस्परांना घालायचा नमस्कार या आघाडीत रुजवले.

पक्षातील ज्येष्ठांना हे सारे पोरकट वाटले. आपण विचारांचा पक्ष, आपल्याला बाजारी गाजावाजा शोभत नाही, ही भूमिका आपल्यालाही अनोळखी नाही. तरीसुद्धा कार्यकर्त्यांनी ते उचलले. जून १९३२च्या हेस राज्याच्या निवडणुकीत या पद्धतीने प्रचार झाला. समाजवाद्यांची मते २१ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेली. नाझींची मात्र ३७ वरून ४४ वर. चमत्कार झाला नाही. पण ज्या पक्षाची देशभर पीछेहाट चालू होती त्याची माणसे हेसमध्ये पुन्हा मान वर करून रस्त्यावर चालू लागली. मारिएन्टालमधील मंदावलेली चाल आठवा, म्हणजे याचे मोल कळेल.

यानंतर महिन्याभरात २० जुलै १९३२चा दिवस आला. प्रशियाचे सरकार सोशल डेमोक्रॅटांच्या नेतृत्वाखाली होते आणि जर्मनीचा तीन पंचमांश भाग त्याच्या अखत्यारीत होता. पापेनने वटहुकमाने ते बडतर्फ केले. लोहआघाडीचे कामगार संकेताची वाट पाहत होते. बारा वर्षांपूर्वी, मार्च १९२० मध्ये, लष्करी बंड सार्वत्रिक संपाने काही दिवसांत मोडून काढल्याची आठवण त्यांच्यापाशी होती. संकेत आला नाही. नेत्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि ३१ जुलैच्या निवडणुकीची वाट पाहायचे ठरवले. त्यांच्यावर अन्याय करू नये. साठ लाख बेकार असताना संप करायचा कसा आणि लष्कराशी लढायचे कशाने, हे प्रश्न खोटे नव्हते. शिवाय कम्युनिस्टांशी समझोता होण्याचा मार्ग दोन्ही बाजूंनी बंद करून ठेवला होता; कम्युनिस्ट तर सोशल डेमोक्रॅटांनाच ‘सोशल फॅसिस्ट’ म्हणत होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये या दोन पक्षांची मिळून मते ३७ टक्के होती आणि नाझींची ३३ टक्के, ही गोष्ट आज वाचताना जीव कळवळतो.

परंतु वर्तनशास्त्राच्या दृष्टीने त्या दिवशी काय घडले ते नीट पाहा. घंटा वाजवायची आणि अन्न द्यायचे नाही, असे पुन्हा पुन्हा केले तर पाव्हलॉव्हचा कुत्राही घंटेला प्रतिसाद देणे सोडतो. सहा महिने कामगारांना मूठ उंचावायला शिकवले, तयार राहा म्हणून सांगितले, आणि तयारीचा क्षण आला तेव्हा घरी जा म्हणून सांगितले. चिन्ह उरले, पण त्याच्या पाठीशी काहीच उरले नाही. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला तेव्हाही तीच प्रतीक्षा झाली, आणि २ मे रोजी कामगार संघांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या गेल्या तेव्हा प्रतिकार जवळजवळ झाला नाही. चाखोतिनने पुढे परागंदा अवस्थेत पॅरिसहून १९३९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. चिन्हांच्या युद्धाचे त्याने केलेले विवेचन आजही वाचावे असे आहे. पण मला त्याच्यापेक्षा त्याच्या पराभवातून अधिक शिकण्यासारखे दिसते. प्रतिगाम्यांच्या चिन्हांना आपण चिन्हांनी उत्तर देऊ शकतो. त्या चिन्हांमागे कृतीचा अनुभव उभा नसेल तर ते उत्तर टिकत नाही.

येथे या शास्त्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. माणसाला कुत्र्यासारखे शिकवता येते हे गृहीत धरले, की शिकवणारा कोण एवढाच प्रश्न उरतो, आणि तेथे समाजवादाचा अंत होतो. लोकांना सवय लावून आपल्या बाजूला वळवणे आणि लोकांनी आपले आयुष्य स्वतः घडवणे यांत जो फरक आहे, तोच आपल्यात आणि त्यांच्यात आहे.

सुदैवाने मानसशास्त्रानेच या बाबतीत स्वतःला सुधारले आहे. १९६७ साली सेलिगमन आणि मायर यांनी दाखवले होते, की काहीही केले तरी विजेचा धक्का चुकत नाही असा अनुभव घेतलेला कुत्रा पुढे पळण्याची वाट मोकळी असूनही पडून राहतो. याला अर्जित असहायता असे नाव पडले. जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासाच्या आधारे आपला निष्कर्ष उलटा केला. दीर्घ यातनेपुढे निपचित पडणे ही प्राण्याची मूळ प्रतिक्रिया असते. शिकावी लागते ती नियंत्रणाची जाणीव, म्हणजे मी काही केले तर काही बदलते हे ज्ञान. मित्रहो, हा निष्कर्ष आपल्या चळवळीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. दबलेला माणूस आपोआप उठत नाही. उठण्याचे शिक्षण त्याला कोठेतरी, कोणत्यातरी लहानशा प्रत्यक्ष विजयातून मिळावे लागते. ते शिक्षण आपण दिले नाही, तर नियंत्रणाचा खोटा अनुभव विकणारा दारात उभाच असतो. स्वतःच्या आयुष्यावर सत्ता नसलेल्या माणसाला तो शेजाऱ्यावर सत्ता देऊ करतो.

‘म्हणून संघटना बांधा’ एवढे म्हणून हे संपत नाही. नोर्टहाइममध्ये दीडशेहून अधिक मंडळे होती. गाणाऱ्यांची, नेमबाजांची, व्यायामाची. जर्मन शहरांच्या आकडेवारीवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की जेथे मंडळांचे जाळे दाट होते तेथे नाझी पक्षाची सदस्यसंख्या उलट लवकर वाढली. मंडळ असणे पुरेसे नाही. मंडळात माणूस काय करायला शिकतो, त्याला शाबासकी कशाबद्दल मिळते, हे निर्णायक आहे. रांगेत उभे राहण्याबद्दल शाबासकी मिळत असेल तर तो रांगेत उभे राहायला शिकेल, मग रांग कोणाचीही असो. प्रश्न विचारण्याबद्दल, हिशेब मागण्याबद्दल, परजातीच्या माणसाच्या ताटाला ताट लावून बसण्याबद्दल त्याला मान मिळाला, तर तो ते शिकेल.

महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीला हे एके काळी पुस्तकाविना कळले होते. १९४१ मध्ये एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली तेव्हा रोजची शाखा, खेळ, गाणी, पुढे कलापथक, यांतून मुलामुलींना संध्याकाळी जाण्याजोगे एक घर मिळाले, आणि त्या घरात जात विचारली जात नव्हती. बाबा आढावांनी १९७२ मध्ये ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम सुरू केली तेव्हा अस्पृश्यतेवर नुसती व्याख्याने दिली नाहीत. विहिरीवर जाऊन एकत्र पाणी भरण्याची कृती मागितली. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. वादळी दलाच्या वसतिगृहातील सूप आणि ही भाकर, दोन्हींनी पोट भरते. पण एका ताटाबरोबर आज्ञापालन शिकवले जाते आणि दुसऱ्याबरोबर आपल्या श्रमाचा आणि संघटनेचा अभिमान. या फरकावर फार काही अवलंबून असते.

आपण आपल्या शाखांचा हिशेब या दृष्टीने घ्यावा अशी माझी विनंती आहे. नवा तरुण आपल्या कचेरीत आला तर पहिल्या आठवड्यात त्याच्या वाट्याला काय येते? कोणी त्याला नावाने ओळखते काय? त्याच्या हातून एखादे काम पुरे होऊन त्याचे फळ त्याला दिसते काय, की वर्षभर त्याने सतरंज्या उचलायच्या आणि पुढाऱ्यांची भाषणे ऐकायची? आपण आंदोलनाची हाक देतो तेव्हा ती तडीस नेण्याची तयारी आपल्यापाशी असते काय? पाळायची नसलेली हाक देण्यापेक्षा ती न दिलेली बरी, कारण प्रत्येक पोकळ हाकेबरोबर माणसे न उठण्याचे शिक्षण घेत असतात.

प्रतिगामी चळवळीत गेलेला माणूस आपल्यापेक्षा वेगळ्या मातीचा नसतो. त्याला सोबत हवी होती, मान हवा होता, भयापासून सुटका हवी होती. या मागण्या न्याय्य आहेत. त्या भागवण्याची जी रीत त्याला सापडली ती अन्याय्य आहे. त्याला लाजवून तो परत येणार नाही, कारण लाजेपासून सुटका करून देणारे त्याला तिकडे भेटलेलेच आहेत. त्याच्या मोहल्ल्यात, त्याच्या कारखान्याच्या दारात, रेशन दुकानाच्या रांगेत, त्याच्याबरोबर उभे राहून एखादा रास्त प्रश्न सोडवून दाखवणे हाच त्याच्याशी बोलण्याचा मार्ग आहे. तो लांबचा आहे आणि त्यात टाळ्या कमी आहेत. पण १९३२ सालच्या त्या कामगारांना कोणीतरी हा मार्ग वेळेवर आणि शेवटपर्यंत दाखवायला हवा होता, आणि आपल्याला अद्याप वेळ आहे.